उत्तरेकडे वाढलेली खोली

येसोबा चितारी हद्दपार झाला त्या दुपारपासून त्याच्या घरातली रंगांची खोली उत्तरेकडे वाढू लागली. पहिल्या दिवशी एक हात वाढली, दुसऱ्या दिवशी आणखी दोन हात. त्याची बायको म्हाळसा सकाळी सारवायला आत गेली, तर कालचं सारवण जिथे संपलं होतं त्याच्यापुढे कोरडी जमीन पसरलेली होती. तिने ती सारवली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त निघाली. महिन्याभराने तिने पुढचं सारवणं सोडून दिलं, कारण एका दिवसात त्या टोकापर्यंत हात पोचेना.

खोलीची उत्तरेची भिंत गंगू कासारणीच्या घराला लागून होती. म्हाळसा तिकडे जाऊन बघून आली. कासारणीच्या घरात काहीच शिरलेलं नव्हतं. बांगड्यांच्या माळा होत्या तिथेच लटकत होत्या. गंगूने विचारलं, उत्तरेलाच नेलं ना गं त्यांना? म्हाळसाने मान डोलावली आणि घरी परतली.

कर्दळी संस्थानात त्या साली राज्य बदललं होतं. कंपनीच्या साहेबाने जुन्या महाराजांवर कटाचा ठपका ठेवला, त्यांना गादीवरून उतरवलं आणि नर्मदेपलीकडे चाळीस मजलांवर नेऊन ठेवलं. गादीवर त्यांचे चुलतभाऊ बसले. कारभार दिवाणजींच्या हाती आला, आणि दिवाणजींची नजर सगळ्यात आधी गेली ती दरबाराच्या भिंतीवर. तिथे येसोबाने सहा वर्षं खपून सगळा दरबार रंगवला होता. मानकरी, शिलेदार, चवरीवाले, आणि मधोमध माणसाच्या उंचीचे जुने महाराज. ते महाराज खरवडून काढावेत आणि तिथे नवे रंगवावेत, असा हुकूम झाला. येसोबाने हात जोडले आणि हे आपल्याच्याने होणार नाही म्हणून सांगितलं. दिवाणजींनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. येसोबाला महाराजांच्या मागोमाग नर्मदेपलीकडे धाडलं, आणि तो परत फिरू नये म्हणून म्हाळसाला जामीन ठेवून घेतलं.

गावात येसोबाच्या इमानाची वाहवा झाली. देवळात, पाणवठ्यावर बायका म्हाळसाला वाट करून देऊ लागल्या. तिला त्याची लाज वाटे, कारण खरी गोष्ट तिला एकटीला ठाऊक होती. भिंतीवरच्या महाराजांच्या गुडघ्याशी चार वर्षांची एक मुलगी उभी होती. महाराजांच्या तांबड्या शेल्याचं टोक तिने मुठीत धरलेलं होतं. ती ठकू होती, या दोघांची लेक. ती देवीच्या साथीत गेली. तिला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी येसोबा नेहमीसारखा कामावर गेला आणि संध्याकाळच्या आत ओल्या गिलाव्यावर त्याने तिला उभी केली. कुणी विचारलं तर म्हणायचा, जागा मोकळी दिसत होती. महाराजांना खरवडायचं तर अंगठ्यापासून तुऱ्यापर्यंतचा गिलावा उतरवावा लागणार होता. त्यात ठकूही जाणार होती.

दसऱ्याच्या सुमारास दिवाणजींनी म्हाळसाला बोलावून घेतलं. रंग खलणं, चुना मुरवणं, गिलावा चढवणं हे सगळं ती नवऱ्याच्या बरोबरीने करत आली आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी तिला बसायला घोंगडी दिली आणि शांतपणे सांगितलं की भिंत तिने साफ करावी, रंगवायला दुसरा चितारी येईल. तिने एवढं केलं तर येसोबाची हद्दपारी उठेल. आठ दिवस विचार करावा.

म्हाळसा घरी आली. दशम्या केल्या, तांब्या भरून घेतला आणि खोलीत शिरून उत्तरेला चालू लागली.

खोलीत रात्र होत नव्हती. दर बारा पावलांवर एक झरोका होता आणि प्रत्येक झरोक्यातून येसोबाला नेलं तेव्हाची दुपार आत येत होती. पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून ओळखीची भाषा ऐकू आली. कुणी बैलांना हाकत होतं, कुणी कुणाला जेवायला बोलावत होतं. मग तीच भाषा हेल काढून येऊ लागली. मग त्यातले शब्द कळेनासे झाले. जमीन पायाला गार लागू लागली. कोनाडे मात्र सगळीकडे तेच होते, डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला दोन, आणि प्रत्येक कोनाड्यात येसोबाची गेरूची वाटी वाळून तडकलेली होती. चालता चालता तिच्या लक्षात आलं की खोली जेवढी लांबत गेली आहे तेवढी अरुंदही होत गेली आहे. घराकडे सात हात रुंद होती ती इथे चार हात भरत होती.

तिसऱ्या दिवशी तिला खोकला ऐकू आला. तो खोकला ती ओळखत होती.

येसोबा टोकाच्या भिंतीशी उकिडवा बसून चित्र काढत होता. दाढी वाढली होती, मनगटं काटकुळी झाली होती. त्याने वळून पाहिलं आणि बसायला जागा करून दिली. म्हाळसाने दशमी काढून त्याच्यापुढे ठेवली. तो खाऊ लागला तेव्हा तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर मुली होत्या. चाळीसेक तरी असतील, सगळ्या चार वर्षांच्या, सगळ्यांच्या मुठीत तांबडा शेला.

“यातली ठकू कुठली?” त्याने विचारलं.

म्हाळसाने एकेकीजवळ जाऊन पाहिलं. एकीचे कान ठकूचे होते. एकीची हनुवटी जवळजवळ तशी होती. बाकी दुसऱ्याच कुणाच्या तरी मुली होत्या.

“यात ती नाही,” ती म्हणाली.

त्याने घास तसाच हातात धरला. इकडे आल्यापासून तिचा चेहरा रोज थोडा थोडा पुसट होत गेला, असं त्याने सांगितलं. आधी भुवया गेल्या, मग डोळे. महाराज शेजारच्याच खोलीत राहतात, सकाळी त्याला जवळ बसवून घेतात. त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल त्याला दिली आहे. सगळे गेले, एक तू माझ्यासाठी देशोधडीला लागलास, असं ते म्हणतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. येसोबा मान खाली घालून बसतो. आजवर त्याच्याने खरं सांगवलं नव्हतं.

म्हाळसाने दिवाणजींचा निरोप सांगितला. येसोबाने हातातला घास खाली ठेवला.

“भिंत खरवडलीस तर मी घरी येईन,” तो म्हणाला. “पण मग मी तिला बघायला कुठे जाऊ?”

“मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्याला लावतील. तो गवंडी असेल. पहारीने काढेल.”

पुढचं दोघांना एकदमच सुचलं असावं, कारण कोण आधी बोललं ते म्हाळसाला नंतर आठवेना. भिंतीतून ठकूला सोडवून घ्यायचं. येसोबाने तिला रीत सांगितली. चित्रावर डिंकाने मलमल चिकटवायची, ती वाळू द्यायची, मग पातळ पटाशीने भोवताली चर पाडून दोन बोटं जाडीचा गिलावा मागच्या दगडापासून अल्लद सुटा करायचा. घाई करायची नाही. कुठे अडलं तर पाण्याचा हात लावायचा. मुठीतलं शेल्याचं टोक तिच्याबरोबरच येऊ द्यायचं, त्याने बजावलं, मूठ उघडायला जाऊ नकोस.

“तिला घेऊन ये,” तो म्हणाला. “मला बाकी काही नको.”

परत यायला तिला चार दिवस लागले. दाराशी नागोपंत मोजणी-कारकून दोरीचं वेटोळं घेऊन बसला होता. तो वयाने म्हातारा होता आणि त्याला दमा होता. संस्थानाच्या हद्दीतलं प्रत्येक शेत त्याने मोजलेलं होतं. ती आत असताना त्याने खोली मोजायला घेतली होती आणि दोरी संपल्यावर सोडून दिली होती. ती शिदोरी घेऊन कुणाकडे गेली ते दिवाणजींनी ताडलं होतं. त्यांचा निकाल त्याने तिला वाचून दाखवला. खोली घराची आहे आणि घर संस्थानात आहे, तेव्हा खोलीच्या टोकाला बसलेला इसम संस्थानाच्या हद्दीत आला असं ठरतं. हद्दपारी मोडल्यामुळे माफी रद्द. भिंत मात्र ठरल्या दिवशी साफ व्हावी, आणि त्यानंतर या खोलीचं दार चिणून टाकावं. तत्पूर्वी त्या इसमाने बाहेर निघून जावं.

“ते बाहेरच आहेत,” म्हाळसा म्हणाली.

“तेही लिहिलंय,” नागोपंत म्हणाला.

आठव्या दिवशी ती दरबारात गेली. माफी उरली नव्हती, तरी गेली, कारण तिच्यामागे दोन गवंडी पहारी घेऊन उभे होते. तिने आदल्या दिवशी मोजमाप घ्यायच्या निमित्ताने येऊन ठकूवर मलमल चिकटवून ठेवली होती. ती आता कडक झाली होती. तिने पहिल्यांदा महाराजांना हात जोडले. मग वरून खरवडायला सुरुवात केली. तुरा गेला, कपाळ गेलं, डोळे गेले. चुन्याची भुकटी तिच्या केसांवर आणि पापण्यांवर बसत होती. दरबारातली माणसं जमिनीकडे पाहत होती. याच माणसाने नवऱ्याला शाल दिली, तो इथे खाली पडतोय, असं तिच्या मनात आलं आणि तिचा हात थांबला. मागून कुणीतरी खाकरलं. तिने पुन्हा पटाशी धरली.

गुडघ्यापर्यंत आल्यावर तिने बाकीच्यांकडे पाठ केली आणि पदर थोडा पसरून धरला. चर पाडायला तिला प्रहरभर लागला. शेवटी गिलाव्याचा तुकडा तिच्या तळहातांवर आला. तो सुपाएवढा होता आणि तिला वाटला होता त्याहून जड होता. तेवढं वजन तिने या आधी एकदाच असं दोन्ही हातांवर उचललं होतं. तिने तो ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवला आणि वरून चुना पसरला.

देवडीवर नागोपंताने टोपली थांबवली. त्याने हाताने चुना बाजूला केला, फडक्याची एक घडी उचलली, मलमलीतून दिसणाऱ्या लहानशा मुठीकडे पाहिलं आणि घडी होती तशी मिटली. मग त्याने कागदावर लिहिलं, राडारोडा, एक टोपली.

घरी गवंडी दाराशी दगड रचून बसलेच होते. म्हाळसा टोपली घेऊन त्यांच्यामधून आत शिरली.

“बाई, दार बंद होईल,” मागून आलेला नागोपंत म्हणाला.

“होऊ दे.”

त्याने आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, पण त्याला दम लागला होता. तिच्या पाठीमागे पहिला दगड बसल्याचा आवाज झाला.

या खेपेला खोली फार लवकर अरुंद झाली. पहिल्याच दिवशी तिला टोपली डोक्यावरून उतरवून पोटाशी धरावी लागली. दुसऱ्या दिवशी ती आडवी होऊन, खांदा पुढे करून चालू लागली. झरोके दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन फटीएवढे झाले होते आणि दुपार त्यातून सुतासारखी येत होती. पुढे टोपलीही मावेना. तिने ती सोडून दिली, तुकडा फडक्यातून काढला, वरची मलमल ओली करून सोलून काढली आणि ठकूला छातीशी उभी धरून सरकत राहिली. ठकूचे डोळे टक्क उघडे होते. रंग कुठेही उडाला नव्हता.

मग भिंती इतक्या जवळ आल्या की म्हाळसाला पुढे सरकता येईना. फट मात्र पुढे जात होती, आणि त्या फटीत अगदी जवळ, हातभर अंतरावर, तिला खोकला ऐकू आला.

तिने हाक मारली. पलीकडून येसोबाने ओ दिली. तिने तुकडा त्याच्या अरुंद कडेवर उभा केला आणि दोन्ही हात लांब करून फटीतून पुढे सारला. क्षणभर तो कुठेतरी अडला. मग पलीकडून बोटं आली, त्यांनी तो धरला आणि तिचे हात रिकामे झाले.

तिने कान फटीकडे केला.

“मिळाली का?” तिने विचारलं. “तीच आहे ना? बघा नीट. काही बोला तरी.”

“हळू,” येसोबा म्हणाला. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

म्हाळसा गप्प झाली. भिंती तिच्या पाठीला आणि छातीला टेकल्या होत्या, आणि पलीकडून सावकाश थोपटल्याचा आवाज येत होता.