लाल आधी, निळं नंतर

थोरली कच्च्या तेलातल्या साक्याच्या मागे लागली त्याला तीनेक वर्षं होत आली होती. पाइपांत आतून एक काळा, चिवट थर बसतो आणि शेवटी पाइपच तुंबवून टाकतो. तो सुरू नेमका कशापासून होतो, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. तेल इतकं काळं की साध्या सूक्ष्मदर्शकाला त्यातलं काही दिसत नाही. म्हणून इन्फ्रारेड कॅमेरा. नखाएवढ्या गरम स्फटिकावर तेलाचा थेंब ठेवायचा. कॅमेरा खालून बघतो आणि कुठे कोणता पदार्थ आहे ते पडद्यावर रंगांत दाखवतो. डांबरासारखा जड भाग लाल, मेण निळं, बाकी तेल हिरवं. आणि इतकी वर्षं पडद्यावर नुसतं हिरवंगार. साका धरायचा, पण हटकून कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. घरच्यांनी तर विचारायचंच सोडून दिलं होतं.

या खटाटोपातून एक गोष्ट मात्र जमली होती, ती म्हणजे धाकटीचं लग्न. धाकटी दातांची डॉक्टर. एकदा बहिणीची विसरलेली किल्ली द्यायला ती प्रयोगशाळेत आली आणि तिथल्या तंत्रज्ञाशी बोलत बसली. कॅमेरा गार ठेवायला हा द्रवरूप नायट्रोजनचं वाफाळतं भांडं घेऊन दिवसभर फिरायचा, म्हणून सगळे त्याला गारेगार म्हणत. त्याने तिला आपली दुखरी दाढ दाखवली. मग न दुखणारी दाखवली. बत्तीस दात दाखवून होईपर्यंत दोघांचं ठरलं होतं.

लग्न नोंदणी कार्यालयात होतं, आणि साक्षीदारांमध्ये थोरलीचं नाव आधीच दिलेलं होतं. सकाळी मामा तिला गाडीतून घेऊन निघाला. प्रयोगशाळेत रात्रभर चालू राहिलेला हीटर जाता जाता बंद करून येते, असं सांगून ती वर गेली. नवे कपडे, मोठाली कानातली, त्यावर प्रयोगशाळेचा कोट.

पडद्याच्या अगदी मधोमध एक लाल ठिपका होता.

ती पडद्याजवळ गेली. पडदा पुसून पाहिला. ठिपका तिथेच. तिने गारेगारला फोन लावला. तो आरशासमोर होता.

"लाल दिसतंय," ती म्हणाली.

"आलो," तो म्हणाला.

आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती आणि एका बुटाची नाडी सुटलेली. दोघांनी एकमेकांचे हात धरून टेबलाभोवती उड्या मारल्या. मग त्याने कॅमेऱ्यात ताजा नायट्रोजन ओतला आणि दोघं पडद्याला नाक लावून बसले. लग्न कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

ते धाकटीच्या लक्षात होतं. कार्यालयात आईला एकटीला बसवून ती तरातरा आली आणि दारात उभी राहिली.

"माझं लग्न आहे आज," ती म्हणाली. "तुमच्यातला एक नवरा आहे आणि एक साक्षीदार. कोण कोण ते तुम्हीच ठरवा."

दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. ती रागातच पडद्याजवळ गेली, वाकली आणि वाकलेलीच राहिली. दातांच्या मागे किटण अगदी असंच धरतं म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.

हॉर्न वाजवून कंटाळलेला मामा वर आला, तेव्हा तिघं पडद्याला चिकटून बसली होती. निघायला अडचण एवढीच होती की संगणक जुना. दर चित्रानंतर अडून बसायचा आणि पुढे जाऊ का म्हणून विचारायचा. कुणीतरी 'हो' दाबायला हवं. मामाने कोट काढला. सह्यांच्या कार्यक्रमांचा त्याला तसाही वैताग होता. आयुष्यभर त्याने गल्लीतल्या फुटबॉलच्या सामन्यांचं लाउडस्पीकरवरून वर्णन केलं होतं. इथे निदान बघायला काही घडत तरी होतं. थोरलीने त्याला एकच अट घातली, फोन चालू ठेवायचा आणि दिसेल ते सांगत राहायचं.

मामाला तिथेच ठेवून तिघं कार्यालयात पोहोचली. लग्न लावणाऱ्या बाई गंभीर होत्या. थोरलीने फोनचा आवाज अगदी बारीक केला होता, पण मामाचा आवाज बारीक होत नसतो.

"लाल मैदानाच्या मध्यभागी ठाण मांडून आहे, हलायला तयार नाही. आणि हे काय, डावीकडून निळा आत शिरतोय."

"कोण शिरतोय?" बाईंनी विचारलं.

मेण, असं थोरलीने सांगितलं. बाईंनी नवऱ्याकडे वळून, हे लग्न तुम्हाला मान्य आहे का, असं विचारलं.

"हो, दाबलं," फोन म्हणाला.

"उत्तर नवऱ्याने द्यायचं आहे," बाई म्हणाल्या, आणि हसू दाबताना त्यांचेच ओठ थरथरायला लागले. गारेगारला हसण्यापायी 'हो' म्हणता येईना. धाकटीने चिमटा काढला तेव्हा कुठे शब्द फुटला. आई शेजारच्या खुर्चीत, ही माणसं आपल्या ओळखीची नाहीत असा चेहरा करून बसली होती.

"निळ्याने लालला चौफेर घेरलं आहे," मामा सांगत होता.

थोरलीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. आधी मेण बसतं आणि त्याला डांबर चिकटतं, असं सगळे समजत आले होते, तीही. इथे तर डांबर आधी बसलं होतं आणि मेण त्याच्याभोवती गोळा होत होतं.

"मेण नंतर येतं," ती बाईंना म्हणाली.

"बरं. इथे सही करा," बाई म्हणाल्या.

सही वेडीवाकडी झाली, पण चालली.

पुढच्या आठवड्यात तिने प्रयोग पुन्हा केला, नंतर आणखी एकदा, दुसरं तेल घेऊन. दर वेळी लाल आधी, निळं नंतर. मेणावर औषधं शोधणाऱ्या मंडळींना आता डांबराकडे वळावं लागणार होतं, आणि तिच्या पुढच्या कामाची दिशा ठरली होती. पण त्या दिवशी एवढा विचार करायची शुद्ध कुणाला होती? कार्यालयातून सगळी वरात थेट प्रयोगशाळेत आली. आत खायला मनाई, म्हणून केक बाहेरच्या जिन्यात कापला. गारेगारने सवयीने थोरलीला मॅडम म्हटलं, धाकटीने दटावलं, त्याने 'ताई मॅडम' म्हटलं.

आई पडद्यासमोर बराच वेळ उभी होती. मधे लाल, कडेने निळं.

"छान आहे गं. फुलासारखं दिसतंय."

"आई, पाइपातली घाण आहे ती."

"असू दे," आई म्हणाली. "मला एक छापून दे, बाहेरच्या खोलीत लावते."

थोरलीला जे हसू फुटलं ते उचकी लागेपर्यंत थांबलं नाही, आणि छापायचं यंत्र सुरू करायला शेवटी नवऱ्यामुलालाच यावं लागलं.