डाव्या हाताचा विळा

सारजाबाईच्या डाव्या हाताची बोटं मानसिंगनं पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. बुधवार होता, त्याच्या सुट्टीचा दिवस. आई दारात बसून पायातला काटा काढत होती. मुठीच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीपासून मधल्या बोटापर्यंत, प्रत्येक सांध्यावर जुनी काळी गाठ होती आणि दोन गाठींवरची कातडी नुकतीच सोलवटलेली होती.

"ह्ये काय झालं?"

"काय न्हाय. घास कापताना घासतंय भुईला."

"कधीपासनं?"

"पैल्यापासनं," ती म्हणाली आणि काट्याकडे वळली.

सारजाबाई डावखुरी. लहानपणी मार खाऊन ती जेवायला उजव्या हातानं शिकली. पण खुरपं, विळा, सुई, सगळं डाव्यातच. मानसिंगला हे माहीत होतं, जसं घराचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते माहीत असतं तसं. त्या दिवशी तो विळा घेऊन मागच्या, शेळ्यांसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यात गेला आणि डाव्या हातात धरून पाहिला. दुसऱ्याच घावाला त्याची बोटं मातीवर खरडली. मग उजव्यात धरला. मूठ आपोआप जमिनीच्या वर राहिली. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, मुद्दाम वरच्या अंगाला वाकवलेली होती. डाव्या हातात विळा उलटा होतो, आणि ती वाकण जमिनीकडे जाते. धारही एकाच अंगाला घासलेली, तीही मग खालच्या बाजूला येते. विळा उजव्या माणसासाठीच केलेला होता. सगळेच तसे असतात.

मानसिंग एसटीत कंडक्टर होता, बारामती डेपोला. बहुतेक वेळा त्याची ड्युटी बारामती-इंदापूर गाडीवर असे, वालचंदनगरवरून जाणाऱ्या. इंदापूरच्या बाजारात त्यानं एका लोहाराला विचारलं. लोहार भात्यावरचा हात न काढता म्हणाला, "डाव्या हाताचा? विळा त्यो विळा. हातात धरायचा आन् कापायचं."

इंदापूरच्या स्टँडपासून जवळच इमामचं भंगारचं दुकान होतं. गाडी सुटायला वेळ असला की मानसिंग तिथं चहा घेई. इमामला लोखंडाचा नाद होता. शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवून तो घरामागच्या पत्र्याखाली भट्टी पेटवायचा. त्यानं एक सुरी केली होती, फाटकाची एक कडी केली होती, आणि कुणाच्याच उपयोगाचा नसलेला एक भलामोठा चमचा केला होता. विकत काहीच नव्हता. मानसिंगनं आईच्या बोटांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"मानसिंगराव, आपणच करू की. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा देतो तुमाला. त्याच्याइतकं चिवट लोखंड न्हाय."

चार शुक्रवार मानसिंगनं रजा टाकल्या आणि इमामच्या पत्र्याखाली घण मारायला शिकला. मग सांगवीला, आपल्या गावी, स्वतःच्या गोठ्यामागं भट्टी मांडली. हातानं फिरवायचा पंखा, कोळसा, सांडस आणि ऐरण म्हणून गुऱ्हाळाच्या चरकातली जुनी लाट, म्हणजे ऊस पिळणारा ओतीव लोखंडाचा रूळ. ती लाट आणि पाट्याचे दोन तुकडे त्यानं आपल्याच गाडीतून आणले आणि स्वतःचं लगेजचं तिकीट स्वतःच फाडलं. ड्रायव्हर हसून म्हणाला, "आता पंच करायचं सोडून घण मारणार व्हय?"

पहिला विळा करायला तीन बुधवार गेले. बाजारातला विळा समोर ठेवून त्यानं विचार केला, की ह्याच्या बरोबर उलटं करायचं. म्हणून वळण उलट्या बाजूला दिलं, शेपटी उलट्या अंगाला वाकवली आणि धारही उलट्या अंगाला लावली. कानशीनं घासता घासता हाताला फोड आले. कडुलिंबाच्या लाकडाची मूठ बसवली. आईच्या हातात दिला. तिनं तो डाव्या हातात धरला, फिरवला, मग उजव्या हातात धरला.

"ह्यो तर उजवाच हाय की रं."

"असं कसं? सगळं उलटं केलंय मी."

पण ती बरोबर होती. वळणही उलटं आणि अंगही उलटं, दोन उलट्यांचं मिळून पुन्हा सुलट झालं होतं. मानसिंग तो विळा या हातातून त्या हातात घेत अंगणात उभा राहिला. रोज शंभर माणसांना बिनचूक सुट्टे परत देणारा माणूस, आणि त्याला हे सुचलं नव्हतं. त्यानं विळा गोठ्याच्या भिंतीवर फेकून मारला. त्यात विळ्याची मूठ फुटली.

दुसऱ्यात त्यानं अंग बरोबर ठेवलं. घासून झाला, नीट दिसत होता. मग पाणी द्यायचं राहिलं. पातं लाल करून पाण्यात बुडवलं की धार कडक होते, एवढं इमामनं शिकवलं होतं. मानसिंगनं पातं बादलीत घातलं आणि आतून बारीकसा आवाज आला, बांगडी पिचल्यासारखा. बाहेर काढलं तर मधोमध केसाएवढी भेग. हलकंच ठोकलं तर दोन तुकडे.

इंदापूरला गेल्यावर त्यानं ते तुकडे इमामपुढं ठेवले. इमामनं तुटलेली कड उजेडात धरली.

"पाण्यात न्हाय, तेलात बुडवा. आन् बुडवून झाल्यावर परत जरा शेकायचं. नायतर काचेगत राहतंय."

"ह्ये आधी का न्हाय सांगितलं?"

"माझी सुरी पाण्यात चालली की! मला तरी काय म्हाईत?"

तिसऱ्या वेळी लोखंडच जळालं. भट्टीत ठेवून तो गोठ्यात सुटलेली शेळी बांधायला गेला, परत आला तर पात्याच्या टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत होत्या. उरलेला तुकडा ठोकून वाचवायला गेला, तर घणाचा घाव हुकून लाटेच्या काठावर बसला आणि ओतीव लोखंडाचा कोपरा गोळीसारखा उडाला. तो त्याच्या कानाजवळून गेला. त्याच्या बायकोनं, मनिषानं, ते ओसरीवरून पाहिलं.

"अवो, डोळा गेला असता," ती खाली येत म्हणाली. "दोरीवरच्या कपड्यांवर काजळी, हाताला फोड, आन् आता डोळा. बाजारात विळा मिळत न्हाय का?"

"डाव्या हाताचा न्हाय मिळत."

"आईंनी मागितलाय का?"

 मानसिंग कोळसे विझवू लागला.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक त्याला कंडक्टर-लोहार म्हणू लागले. कुणी खुरपं घेऊन येई, कुणी कुदळ. "जरा पाणी द्या की, तुमची भट्टी पेटलेलीच हाय." तो नाही म्हणाला की त्यांना राग येई. एकाच्या खुरप्याला त्यानं भिडेखातर पाणी दिलं, ते मऊच राहिलं आणि त्या माणसानं ते सगळ्या पारावर दाखवलं. मानसिंगनं पाराजवळून जाणं सोडलं.

माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्रात चौथा विळा झाला. वळण बरोबर, धार वरच्या अंगाला, शेपटी वर वाकलेली, पातं तेलात बुडवलेलं, नंतर शेकलेलं. मानसिंगनं तो डाव्या हातात धरून स्वतः घास कापून पाहिला. मूठ भुईपासून चांगली चार बोटं वर राहिली. पातं जमिनीलगत सपाट गेलं. तो वाफ्यात एकटाच हसला.

सारजाबाईनं घास डाव्या हातानं कापायला सुरुवात केली आणि पहिल्याच घावाला विळ्याचं टोक मातीत घुसलं. दुसऱ्याला पुन्हा. तिसऱ्या घावाला टोक मातीतून उसळून तिच्या नडगीपाशी आलं. ती मागं सरकली.

"नवा हाय म्हणून," मानसिंग घाईनं म्हणाला. "सवय हुईल."

"व्हय. बरा हाय," ती म्हणाली. "चांगला केलाय."

तीन आठवडे रोज सकाळी ती तो विळा घेऊन वाफ्यात जाई. मानसिंग ड्युटीवर जाताना ते पाहून जाई. इमामला त्यानं सांगितलं, झाला एकदाचा. इमामनं दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला.

मग एकदा दुपारी त्याची ड्युटी दुसऱ्यानं घेतली आणि तो फलटणच्या गाडीनं, प्रवासी म्हणून, घरी निघाला. सांगवीच्या अलीकडं त्यांचा वाफा रस्त्यावरून दिसतो. खिडकीतून त्यानं आईला पाहिलं. ती बसून घास कापत होती, भराभर, आणि तिच्या हातात जुना विळा होता. नवा बांधावर मातीत खोवलेला होता.

स्टॉपवर उतरून तो सरळ वाफ्यात गेला.

"चार म्हैने," तो म्हणाला. "चार म्हैने मी हात पोळून घेतले. आन् तू मी गेल्यावर ह्यो काढतीस?"

सारजाबाई उठली नाही. "तुजं मन राखलं रं."

"मन राखायला न्हाय केला. तुझ्या बोटांसाठी केला. काय वाईट हाय त्यात, सांग. धार न्हाय?"

"धार हाय."

"मूठ टोचती?"

"न्हाय."

"मग?"

 तिनं जुना विळा उचलून एक मूठभर घास कापून दाखवला. "बघ. ह्यो घेतला की मनगट असं पिळायला लागतंय. न्हायतर पातं भुईला लागत न्हाय. बारा वर्साची हुते तवापासनं पिळतीया. मेंढरामागं हुतो तवाबी पिळायची. आता मनगट आपोआप पिळतंय. तुझा विळा सरळ हाय, आन् हात पिळतोय, म्हणून टोक मातीत जातंय. तुझी चूक न्हाय. पर माझी बी न्हाय."

"आधी का न्हाय बोललीस?"

"तू इचारलं कुठं? तू माप बी न्हाय घेतलंस. कोळसा आणून बसलास."

मानसिंगला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तो बांधावर बसला. आई पुन्हा कापायला लागली. तो बघत राहिला. इतकी वर्षं या बाईला कापताना पाहिलं होतं आणि एकदाही मनगट पाहिलं नव्हतं. पातं घासात शिरायच्या आधी तिचं मनगट कोपरापासून बाहेर फिरत होतं, आणि प्रत्येक घावाला मूठ भुईला जराशी टेकून पुढं सरकत होती. जिथं टेकत होती, तिथंच गाठी होत्या.

"उन्हात बसू नको," ती म्हणाली. "घरी जा."

तो घरी गेला आणि कुंपणाची तार घेऊन परत आला. आईला हात तसाच पिळून धरायला सांगितला आणि मुठीपासून पात्याच्या रेषेपर्यंत तार वाकवली. ती हसली, "पाटल्या करतोस व्हय?" त्यानं पुन्हा कापायला लावलं, पुन्हा तार लावून पाहिली. शेपटी बाजारच्या विळ्यासारखी खाली नको, आणि त्यानं केली होती तशी पार वरही नको. मधे कुठंतरी. मूठ दोन बोटं वर उचलायची, पण पातं कलतं ठेवायचं, तिच्या पिळण्याइतकं कलतं.

पुढच्या दोन बुधवारी मनिषानं भट्टीचा पंखा फिरवला. ती म्हणाली, दोरीवरचे कपडे आधीच काढून ठेवलेत, लवकर आवरा. तारेवर ठेवून पाहत पाहत शेपटी वाकवताना ती एकदा तडकली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मानसिंगनं शिव्या दिल्या. मनिषानं पंखा थांबवला नाही.

पाचवा विळा पाहायला फार वाईट होता. पातं मुठीला तिरकं बसलं होतं, कुणीतरी त्यावर पाय दिल्यासारखं. सारजाबाईनं तो घेतला, एक घाव घातला, मग दुसरा, मग काही न बोलता वाफ्याच्या टोकापर्यंत कापत गेली. मानसिंग मागून तिची मूठ पाहत होता. ती मातीला टेकत नव्हती.

पाच दिवसांनी तो ड्युटीवरून आला तेव्हा ती दारातच उभी होती. विळ्याच्या धारेचा मधला तुकडा, चांगला बोटभर, उडाला होता.

"दगडावर बसला," ती म्हणाली. "पर दगडावर सगळेच बसत्यात. बाजारचा न्हाय तुटला कदी. ह्याला पाणी जास्त झालंय."

मानसिंगनं पातं हातात घेतलं. तुटलेली कड काचेसारखी चमकत होती. शेकायचं कमी पडलं होतं. त्या दिवशी पावसाचा शिंतोडा आला म्हणून त्यानं घाई केली होती. आता आठवलं. त्याला ते पातं पुन्हा भिंतीवर मारावंसं वाटलं.

"दुसरा कर," सारजाबाई म्हणाली. "वळण ह्येच ठेव. त्यात काय बदल करू नको. पाणी तेवढं बघून दे."

"पुढच्या बुधवारी," तो म्हणाला.

"बुधवारी? शेळ्या तवर काय खात्याल? रजा काढ की."

ती आत गेली. मानसिंग अंगावरचा खाकी शर्ट न काढताच गोठ्यामागं गेला आणि उरलेल्या पाट्यात अजून एका विळ्यापुरतं लोखंड निघतंय का ते वितीनं मोजायला लागला.