न दिलेला आशीर्वाद

आमच्याकडे घराबाहेर पडताना माणूस गॅस बंद करतो, दार लावतो आणि फोन पुसतो. बसनं बारकिसिमेतो शहराला निघाले तेव्हा मीही पुसला. गप्पा, फोटो, नंबर, सगळं. सरकारनं आमचं रेडिओ स्टेशन बंद पाडल्यापासून मी बातम्या आवाजात भरून व्हॉट्सॲपवर पाठवते, त्या तर सगळ्यात आधी गेल्या. कालची बातमी दवाखान्याची होती. वीज गेली आणि काचेच्या पेटीतली बाळं दगावली. मला हे सांगणारी तिथली नर्स युस्मारी, माझी धर्मलेक. चर्चमध्ये तिच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा ती माझ्याच हातांत होती. तिचं नाव बाहेर फुटलं तर पोर आयुष्यातून उठेल.

कारोरा गावाच्या अलीकडे तपासणी नाक्यावर सैनिकांनी बस अडवली. सार्जंट सारण भरून तळलेला एम्पानादा खात होता. बोटं पँटला पुसून त्यानं माझा फोन घेतला.

"मावशी, हा फोन आहे का घासलेलं ताट? माझ्या म्हातारीच्या फोनवर सगळे संत नांदतात. तुमच्याकडे एकसुद्धा नाही?"

"जुना आहे. भरून जातो."

"भरतो काय! चोराच्या मनात चांदणं."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत झाली. चार लग्नाचे फोटो ठेवले असते तर सुटले असते. त्यानं बस पुढे पाठवली, मला बाकावर बसवलं आणि फोन टेबलावर ठेवला.

"येईल की कुणाचं तरी," तो म्हणाला.

आज माझी कुणालाही आठवण येऊ नये, एवढंच मी देवाकडे मागत होते.

फोन वाजला. आवाजात भरलेला निरोप होता. त्यानं बटण दाबलं, आणि युस्मारीचा आवाज आला, "आशीर्वाद दे गं, धर्मआई. पोचलीस का?"

"धर्मलेक होय? काय करते?"

"केस कापते."

"तुमचा आवाज ऐकलाय मी, बाई. काल त्या बाळांबद्दल बोललात. सांगणारी हीच ना?" त्यानं उत्तर भरायला फोन माझ्या तोंडाशी धरला. "विचारा, कुठे आहे. गोड बोला."

आमच्यात लहानानं आशीर्वाद मागायचा आणि मोठ्यानं आधी तो द्यायचा, मग बाकीचं बोलायचं. भांडण असलं तरी देव तुझं भलं करो म्हणायचंच. युस्मारीला मी कधी कोरडं ठेवलं नव्हतं.

मी म्हणाले, "कुठे आहेस? मी येते तिकडे."

निरोप गेला. सार्जंटचा घास तोंडातच राहिला. तोही कुणाचा तरी मुलगाच होता.

"आशीर्वाद कुठाय?" तो ओरडला. "परत बोल! दे तिला!"

मी ओठ मिटून घेतले. त्यानं माझे केस धरून मान मागे ओढली तरी उघडले नाहीत. निरोपाखालच्या खुणा निळ्या झाल्या. तिनं ऐकलं होतं. उत्तर मात्र आलं नाही.

"नंबर कळवा वर. पत्ता काढा," तो शिपायाला म्हणाला, आणि मला गाडीत कोंबलं.

आता या कोठडीत मला माराची भीती नाही वाटत. भीती वेगळीच आहे. आशीर्वाद मिळाला नाही म्हणून पोर सावध होऊन पळाली असेल, की नुसती हिरमुसली असेल? मी येते म्हणाले होते. ती माझ्यासाठी कॉफी ठेवून दाराशी वाट बघत बसली नसेल ना?