पिवळं ग्रीस

दुपारच्या आत मधमाश्यांच्या पेट्या इथून हलायलाच हव्यात. शेजारच्या बागेत औषध फवारायचंय. बागवाल्याने मधवालीच्या शब्दाखातर एकदा थांबवलं, आता तो थांबणार नाही. म्हणून तिने उजाडायच्या आत पेट्यांची दारं जाळीने बंद केली, ट्रेलरवर चढवून दोर आवळले आणि निघाली. चढ संपून उतार लागतो तिथपर्यंतही पोचली नाही. डाव्या चाकातून धूर. रखडत कशीबशी परत आली. आता ट्रेलर अंगणात, डावी बाजू लोखंडी घोडीवर टेकलेली, चाक बाजूला आडवं, ऊन पेट्यांच्या दिशेने सरकतंय, आणि आत

गूंऽऽऽ

आत हजारो माश्या कोंडलेल्या. सोडाव्यात तर फवाऱ्यात सापडतील. न सोडाव्यात तर उकडून मरतील.

"ब्रेकचा ड्रम निघेना," दीर म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. यंत्र दिसलं की त्याच्या बाह्या आपोआप वर जातात. टोपी, पिन, नट, सगळं निघालं होतं. ड्रम मात्र ढिम्म.

"ठोका की."

"ठोकून काय होतंय? आतले लाइनर धरून बसलेत. मागच्या फटीतून चक्री सैल करावी लागेल." तो ट्रेलरखाली सरकला. पेचकसाची खटखट. "हां. आता फिरवा."

मधवालीने ड्रम फिरवून पाहिला. मघाशी निदान हलत तरी होता.

"भावोजी, उलटं फिरवलंत. आणखी आवळलं."

"बघतोय ना!"

"तुमच्या लिफ्टीत माणसं वर जायचं बटण दाबून तळघरात जात असतील."

"माझ्या हातची लिफ्ट आजवर पडलेली नाही, वहिनी."

"पडत नसेल. अडकते."

तो हसला नाही. एरवी हसला असता.

गूंऽऽ. तिने उठून जाळ्यांवर पाणी शिंपडलं. शेवटच्या पेटीचा आवाज इतरांपेक्षा चढा, चिरका. घाबरल्या होत्या.

खट्. ड्रम सुटला. तो आतली धूळ फुंकायला वाकला, तशी ती ओरडली, "फुंकू नका, छातीत जाईल!" आणि ओलं फडकं पुढे केलं. तेव्हाच वास आला. जळक्या ग्रीसचा नव्हे. हा वास तिच्या हातांना, पदराला, उशीला असतो.

मेण.

बेअरिंगमध्ये पिवळट तपकिरी खरपुडी धरलेली, रोलर उष्णतेने निळे पडलेले. पेट्यांच्या लाकडाला चोळायचं मेण आणि तेल ती चुलीवर कढवते आणि ग्रीसच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवते. गेल्या खेपेला चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस दिराने भरलं होतं. डब्यावर ग्रीस लिहिलंय म्हणजे आत ग्रीसच, असं या घरात फक्त तोच धरून चालू शकतो.

"उजव्यात काय भरलंत?"

"उजव्यात? ग्रीस. काळं. तोवर नवा डबा आणला होता."

"नक्की?"

"अहो, नक्की! आता उजवं उघडत बसलो तर माश्यांचं काय होईल?"

ते खरंच होतं. घरात नव्या बेअरिंगचा एकच जोड, एका चाकापुरता. बेअरिंग बसते ती जुनी कडी, रेस, ठोकून काढली, नवी बसवली, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंग त्यात दाबत राहिली, पलीकडून बाहेर येईपर्यंत. नट आवळला, मग जरासा मागे घेतला, पिन घातली, चाक चढवलं. घोडी काढली. ऊन पहिल्या पेटीवर आलं होतं.

ती गाडीत बसली. शेजारचं दार उघडून धरलं. "या."

"तुम्ही व्हा पुढे. मी इथलं आवरतो."

"पेट्या उतरवायला कोण?"

"तिकडे मिळेल कुणीतरी." तो आधीच घट्ट असलेला दोर परत आवळत होता. "उताराला जरा हळू घ्या, वहिनी. ब्रेक जपून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो दोराकडे पाहत होता.

"भावोजी, बसा गाडीत."

तो बसेना.

गूं

ती उतरली. जॅक ओढून उजव्या चाकाखाली सरकवला. "खोला."

"वहिनी, मला वाटलं, उजव्यातून धूर आला नाही, म्हणजे निभेल..."

"उतारावर मी असणार होते. खोला!"

उजव्यातही पिवळंच. अर्धं वितळून ब्रेकच्या बाजूला ओघळलेलं. पण रोलर चकचकीत होते, एकही डाग नाही. रॉकेलमध्ये धुतले, पुसले, काळं ग्रीस भरलं. ओघळ खरवडले, तेलकट लाइनर बदलले.  शेजारच्या बागेत फवारणीचा पंप सुरू करून बघितल्याचा आवाज आला, थांबला.

दोर बांधताना तिचा हात शेवटच्या पेटीवर थबकला. मघाशी सगळ्यांत चढा होता तो आवाज आता येत नव्हता. तिने ती पेटी सोडवली आणि दिराच्या हातात दिली.

"ही मांडीवर घ्या. सावलीत राहील."

या वेळी तो बसला. जाळीला कान लावून ऐकत राहिला.

"आहेत," तो म्हणाला. "थोड्या आहेत, वहिनी."

"खरं सांगताय?"

त्याने पेटी उचलून तिच्या कानाशी धरली. गुणगुण नव्हती. तळाशी कुठेतरी सुकं पान सरकावं तशी बारीक खसखस होती, थांबून थांबून.

तिने किल्ली फिरवली.