सतरा आणि तेवीस

सतरा. भिंग तिरकं धरलं तरी सतराच — आणि दुसऱ्या पात्यावर तेवीस. थोरलीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उद्या वाचनालयाच्या प्रदर्शनात मांडायची म्हणून आईची कात्री पहिल्यांदाच तेल घालायला उघडली, तर हे हात दाखवून अवलक्षण.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चाळीस कात्र्या तिने जमवल्या होत्या. त्या घडवणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिला तोंडपाठ. बाहेर, एकाच पात्यावर, नाव उमटायचं मालकाचं. दोन पाती घासून घासून एकमेकांना जुळवणारा कारागीर मात्र आत, स्क्रूखाली, दोन्हींवर एकच आकडा ठोकायचा — जोडी चुकू नये म्हणून. मग ही चुकली कुठे?

आईकडे दोन होत्या, दिसायला अगदी सारख्या. शिवणकाम सुटल्यावर तिने दोघी मुलींना एकेक दिली. आणि आई गेल्यानंतरच्या त्या दुपारी थोरलीने भिंग लावून निकाल दिला होता, "तुझ्या कात्रीवर नाव नाही गं. नक्कल आहे. अस्सल माझीच."

"ठेव तुझं अस्सल तुझ्यापाशी," धाकटी म्हणाली होती. त्याला नऊ वर्षं झाली... एका कात्रीपायी कुणी नऊ वर्षं अबोला धरतं? मी तेव्हा फक्त खरं तेच बोलले — की आईची लाडकी मी, एवढंच मला ऐकवायचं होतं?

म्हणजे सतराचं दुसरं पातं धाकटीकडे. तेवीसचंही. धारवाल्याने दोन्ही कात्र्या एकदम उघडून पाती उलटसुलट बसवली असतील... पण आई तर दर महिन्याला स्वतः स्क्रू काढून तेल घालायची. तिला आकडे दिसले नसतील? दिसले असतील तर बोलली का नाही? की तिनेच... छे. डोक्याचा नुसता भुगा झाला.

"अगं, पाटी झाली का लिहून?" आतून नवऱ्याने विचारलं.

झाली होती. 'अस्सल जोडी.' तिने कात्री पुन्हा जोडली आणि कागदी पाटीच्या कडेला लावली. विजोड पाती कागद चावतात, हे तीच लोकांना सांगत आली होती. कागद सरळ, अलगद कापला गेला. तिला एकदम रडू आलं, आणि कशाचं ते कळेना.

फोन तिने हातात घेतला. धाकटीचा नंबर अजून पाठ होता. पण तिने उचलला तर म्हणायचं काय — माझं पातं परत दे, की तुझं परत घे? आणि या दोहोंतलं माझं कुठलं?