जाताना दीड, येताना साडेचार

बारा वर्षं मी दुबईत गाडी चालवतोय, त्यामुळे दासगावात विमानाचं काहीही असलं की मलाच विचारतात. मीही ठणकावून सांगायचो, मुंबईहून जाताना दीड तास, येताना साडेचार. तिकिटावरच्या वेळा वजा केल्या की हेच उत्तर येतं. कारणही तयार होतं. येताना प्रत्येकाकडे ब्लँकेट आणि दूध पावडरचे डबे. कशेडी घाट चढताना भरलेला ट्रक कसा कण्हतो, तसंच विमानाचं. लोक माना डोलवायचे.

परवा नववीतल्या भाचीने, नौशीनने, माझं तिकीट वाचलं. "मामू, दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागं हाय. जाताना तीन, येतानापण तीनच."

मी हसलो. मग बोटांवर मोजलं. तीनच भरले.

बायको हाजरा दारातच उभी होती. "गेल्या खेपेला विमान हलकं व्हावं म्हणून माझं ब्लँकेट तिकडंच ठेवून आलात. तरी साडेचारच लागले. तेव्हा काय समजलं नाय?"

खरं सांगू? तेव्हा मला वाटलं, शेजारच्या सीटवाल्याने दोन आणली असतील.