रिकामं मशीन

"मी विधवा झाले तेव्हा माझी लेक आठ वर्षांची होती," बस ड्रायव्हर रंगमंचावर येऊन म्हणाला आणि सभागृहात हशा पिकला. पिकणारच. सहा फुटी गडी, रंगाने काळाभोर, दाढी छातीपर्यंत, आणि म्हणे विधवा झाले. पहिल्या रांगेतल्या शिंपीणबाई मात्र हसल्या नाहीत, कारण गोष्ट त्यांची होती.

त्या नाटकमंडळीची रीतच उफराटी. आपली गोष्ट आपण सांगायचीच नाही. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, त्यात वय बघायचं नाही की रंग. एकाने आपली खरीखुरी गोष्ट दुसऱ्याला सांगायची आणि दुसऱ्याने ती 'मी' म्हणून लोकांपुढे मांडायची. मघाशीच गोऱ्यापान, ऐंशीच्या मास्तरीणबाई कुठल्याशा लढाईतून पळून आलेला तरणाबांड न्हावी होऊन गेल्या होत्या. नियम एकच, पण कडक. पदरचं काही घालायचं नाही. घातलंच, तर ज्याची गोष्ट त्याने तिथल्या तिथे उठून म्हणायचं, "हे माझं नाही." मग खेळ तिथेच थांबायचा.

बाई कित्येक वर्षं मंडळींचे कपडे शिवत होत्या, पण गोष्ट द्यायचं नाव काढत नव्हत्या. यंदा दिली ती लेकीसाठी. लेक तीन रांगा मागे नातीला घेऊन बसली होती. ती लवकरच दूरच्या शहरात कायमची राहायला जाणार होती, आणि मायलेकींत धड दोन शब्दांचं बोलणं नव्हतं. लेकीच्या मनात एकच सल होता. बाबा गोदीत क्रेनखाली गेले, त्या दिवशी आई दार लावून शाळेचे गणवेश शिवत बसली. डोळ्यांत टिपूस नाही. "तुला काळीज आहे का गं?" असं तिने एकदा तोंडावर विचारलंही होतं. त्यावर बाई काय म्हणाल्या? "ताट वाढलंय, जेवून घे." आता या बाईला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

ड्रायव्हर सांगत गेला तसा हशा विरला. "गणवेश द्यायचे होते. मी दार लावून घेतलं. बाहेर लेक बसून होती. शेवटचं बटण लावलं..." आणि गडी अडकला. पुढचं वाक्य होतं, 'मग मी उठून स्वयंपाकाला लागले.' बाई ते ओठांतल्या ओठांत पुटपुटल्यासुद्धा. पण त्याची नजर भलतीकडेच लागली होती.

"गणवेश केव्हाच संपले होते," तो म्हणाला. "पण मी मशीन थांबवलं नाही. रिकामंच चालवत राहिले. थांबवलं असतं, तर माझं रडणं लेकीला ऐकू गेलं असतं."

हे बाईंनी ड्रायव्हरला सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीला नाही, कुणालाच नाही.

विंगेतून दिग्दर्शिका डोळे वटारून त्यांच्याकडे बघत होती. सगळी मंडळी त्या उठायची वाट बघत होती. बाईंनी उठायला खुर्चीचा हात धरला. त्यांनी मान वळवली. लेकही त्यांच्याकडेच बघत होती, तोंडाचा आ वासून. विंगेत खेळून वाढलेली पोरगी, तिला नियम पाठ होता. आई आता उठेल, म्हणेल, हे माझं नाही.

बाई बसून राहिल्या.

ड्रायव्हरच्या वस्तीतली माणसं नेहमीप्रमाणे उजवीकडे बसली होती, बाईंच्या वस्तीतली डावीकडे. उजवीकडच्या एका आजींनी डोळ्यांना रुमाल लावला. डावीकडच्या एकीने ते पाहिलं, आणि तिचाही बांध फुटला. दोघींची कधी ओळखदेख नव्हती.

खेळ संपल्यावर ड्रायव्हर कपडेपटाच्या खोलीत आला तो तोंड पाडूनच. "मावशी, माफ करा. मी पुढचं विसरलो आणि माझ्या आईचं बोलून बसलो. ती लाँड्रीत होती. वडील गेल्यावर मोठं यंत्र रिकामंच फिरवत राहायची. आम्हाला वाटायचं, काम करतेय. खरं कारण तिने शेवटच्या आजारपणात सांगितलं. पण तुम्ही उठला का नाहीत?"

"समुद्रापलीकडची ना रे तुझी आई?" बाई म्हणाल्या. "तिला माझं कसं कळलं?"

तेवढ्यात नातीला घेऊन आलेली लेक दारात दिसली. ड्रायव्हरने नातीचा हात धरला आणि तिला बस दाखवायला घेऊन गेला. लेकीने आत येऊन दार लावलं, कडी घातली. कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. कापड नाही, दोरा नाही, नुसतंच पायाने चालवू लागली. खोली खडखडाटाने भरून गेली.

"रड आता," ती म्हणाली. तिचे स्वतःचे गाल भिजले होते. "बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही."